जुन्या फोक्सवॅगन कोम्बीचे ब्रेक आणि इंजिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९७१ सालची कोम्बी आहे, म्हणजे फोक्सवॅगनची इंजिन मागे असलेली व्हॅन. १६०० सीसीचं एअर-कूल्ड, म्हणजे हवेनं गार होणारं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, स्टिअरिंग उजवीकडे. ब्रिस्टलजवळ राहतो. गेली बारा वर्षं गाडीची जवळजवळ सगळी कामं मी घरासमोरच्या जागेत स्वतः करतो. पाना धरायला शिकलो तो कोल्हापूरला, उद्यमनगरात मामांच्या गॅरेजमध्ये. इथले, जर्मनीतले, ऑस्ट्रेलियातले ओळखीचे मराठी लोक हौसेनं अशी गाडी घेतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांचा फोन येतो. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे एकत्र लिहिले आहेत.

खालचे आकडे समोर एकच मोठी काच असलेल्या, म्हणजे १९६८ ते १९७९ या काळातल्या गाड्यांचे आणि १६०० सीसीच्या उभ्या पंख्याच्या इंजिनाचे आहेत. १७०० ते २००० सीसीचं आडवं, बसकं इंजिन असेल तर ब्रेकचा भाग तसाच लागू पडेल, पण इंजिनाचे आकडे त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गाडी नुकतीच घेतली आहे. आधी इंजिन बघू की ब्रेक?

ब्रेक. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला उभी राहते, ब्रेक गेले तर ती उभी राहत नाही. इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते. त्यामुळे तुमच्या गाडीच्या खाली गेल्या कित्येक वर्षांत कुणी डोकावलंच नसेल, अशी शक्यता धरूनच चाला.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करा. या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही, रबर देतं. ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरचे सील, पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डचे रबरी जोड, इंजिनाभोवतीची रबरी पट्टी, ही सगळी मंडळी कधी बदलली आहेत ते आधीच्या मालकाला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर ती बदललेलीच नाहीत असं समजा. पुढच्या निम्म्या उत्तरांत तुम्हाला रबरच भेटणार आहे.

पेडल पहिल्या दाबाला जमिनीपर्यंत जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरली आहे का?

बहुतेक वेळा नाही. मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे, ड्रमपासून लांब गेलेले असतात. ऑगस्ट १९७० नंतरच्या गाड्यांना पुढे डिस्क आहे आणि डिस्कचे पॅड आपले आपण जुळतात. मागच्या शूंना तशी सोय नाही, ते हातानेच सेट करावे लागतात. शूवरचा लायनर झिजत गेला की पेडलचा सगळा प्रवास शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपतो.

पेडल तीन तऱ्हेनं खाली जातं, आणि पायाला तिन्ही वेगळी लागतात. पंप केल्यावर वर येऊन घट्ट होतं, ते सेटिंग. स्पंजासारखं मऊ लागतं, ती हवा. आणि घट्ट असतं, पण पाय दाबून ठेवला की सावकाश, दहा-पंधरा सेकंदांत खाली बसत जातं आणि बाहेर कुठेही गळती दिसत नाही, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या नळकांड्याच्या) आतले सील गेलेले असतात. या तिसऱ्या प्रकारात गाडी चालवू नका.

सेटिंग असं करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचं चाक उचला, स्टँड द्या, हँडब्रेक सोडा. ड्रममागच्या पत्र्याला रबरी बूच असलेली भोकं आहेत. बूच काढून टॉर्च मारला की आत दात्यांचं चाक दिसतं, प्रत्येक शूला एक. स्क्रू ड्रायव्हरनं ते एकेक दात फिरवत जा. चाक हातानं फिरवलं की घासायला लागेल, मग जड होईल. आता कुणाला तरी ब्रेक पेडल एकदा जोरात दाबून सोडायला सांगा, म्हणजे शू मध्यावर बसतील. चाक पुन्हा मोकळं वाटलं तर अजून थोडं आवळा. शेवटी तीन-चार दात मागे घ्या. चाक फिरताना कुठेतरी हलकंसं "सुर्र" ऐकू आलं तर चालतं, पण हाताला अडकलेलं जाणवता कामा नये. बूच परत लावायला विसरू नका, नाहीतर पावसाळी रस्त्याचं पाणी थेट लायनरवर जातं.

ब्रेकची हवा कशी काढायची?

दोन माणसं लागतात. आमच्याकडे पेडलवर माझी मुलगी बसते आणि मी चाकाशी आडवा. "दाब" म्हटलं की तिनं दाबायचं आणि "दाबलं" असं मोठ्यानं सांगायचं. मग मी चाकामागचं निपल (हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) पाव फेरी सैल करतो. पारदर्शक नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, मी निपल बंद करतो आणि मगच "सोड" म्हणतो. हा क्रम एकदा जरी चुकला तरी नळीतली हवा उलट आत ओढली जाते. पेडलवरच्या माणसाला हे नीट समजावून सांगा, अर्धं काम त्याच्याच हातात असतं.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, सर्वांत जवळचं शेवटी. दर पाच-सहा दाबांनंतर वरच्या डब्यातलं ऑइल बघा. डबा रिकामा झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऑइल डॉट ४ वापरा, नव्या सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतलं पाणी पितं, त्यामुळे उघडी पडलेली बाटली मागच्या वर्षी वापरून ठेवली होती म्हणून पुन्हा घेऊ नका. दर दोन वर्षांनी सगळं बदला. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, तासाभरात रंग सुटतो.

हवा काढूनही दुसऱ्या दिवशी पेडल मऊ लागत असेल तर डब्याकडून मास्टर सिलिंडरकडे येणारी निळ्या कापडी वेष्टणाची नळी बघा. वरून कापड शाबूत दिसतं आणि आतलं रबर तडकलेलं असतं. तिथून ऑइल पाझरलं की ते केबिनच्या खालच्या पत्र्यावर जातं, बाहेरून दिसतच नाही.

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. पॅड बदलले, तरी तसंच.

इथे माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळं उत्तर आहे. सॉमरसेटमध्ये पोरलॉक हिल म्हणून एक उतार आहे, चारास एक. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुटुंबाला घेऊन तो उतरत होतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जायची, ती गेले काही आठवडे जातच होती. एका स्थानिक गॅरेजमध्ये पॅड बदलून घेतले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. अर्ध्या उतारावर जळका वास आला. पेडल लांब जाऊ लागलं. पहिल्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. उतरून बघितलं तर उजवं चाक कोमट होतं, आणि डाव्या चाकाच्या कपाजवळ हात नेववत नव्हता.

दोष पुढच्या डाव्या रबरी नळीत होता. अशी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिचं भोक सुईएवढं होतं. पायाच्या जोरावर ऑइल आत जातं. पाय काढल्यावर मागे यायला मात्र जोर नसतो, म्हणून पॅड डिस्कला धरूनच राहतात. ते तापतात, ऑइल तापतं, त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. सगळी साखळी त्या वीतभर नळीपासून सुरू झाली होती.

तपासणी सोपी आहे. चाक उचला, ब्रेक दाबून सोडा, चाक फिरवा. फिरलं नाही तर त्याच चाकाचं ब्लीड निपल किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दोष नळीत किंवा त्याआधी, मास्टर सिलिंडरकडे आहे. चिळकांडी उडाली नाही आणि चाक तसंच जाम राहिलं, तर पॅड दाबणारा कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला आहे. चारही रबरी नळ्या एकदमच बदला. एका नळीची गत झाली म्हणजे तिच्या बरोबरीच्या बाकीच्यांची फार दूर नसते.

आणि उलटंही होतं. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक खराब, असं धरून चालू नका. कदाचित डावा नीट धरतोय आणि उजवा धरतच नाही.

उतारावर ब्रेक गरम होऊन लागेनासे होतात. मोठे ब्रेक बसवू का?

आधी गिअर वापरा. आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. आंबोली असो की आल्प्स, भरल्या कोम्बीला हाच नियम. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या, मध्यावर नव्हे. ब्रेक दाबून धरून ठेवू नका, ठसठशीत मारा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात हवा लागते. एवढं करून आणि ताजं ऑइल भरूनही तक्रार राहिली, तर मग पुढचा विचार. सर्व्हो (इंजिनाच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर तोही तपासा. इंजिन बंद करून चार-पाचदा पेडल मारा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर सर्व्हो जिवंत आहे. त्याची व्हॅक्यूमची नळी मागच्या इंजिनापासून पुढपर्यंत येते. तिला चीर पडली तर ब्रेक जड होतात आणि इंजिनाचं आयडलिंगही बिघडतं, असे दोन रोग एकाच नळीचे.

हँडब्रेक धरत नाही.

आधी मागचे शू वर सांगितल्याप्रमाणे सेट करा, केबल नंतर. केबल आधी ओढली तर शू अर्धवट लागलेले राहतात.

मागचा ड्रम निघतच नाही.

१९७० पर्यंतच्या गाड्यांत ड्रम आणि हब एकच आहे. तिथे मधला ४६ मिलिमीटरचा मोठा नट काढावा लागतो, जो ३२० ते ३५० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. तो गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, लांब पाइप लावून सैल करा. स्टँडवरच्या गाडीवर एवढा जोर लावणं जीवावर बेतू शकतं. नंतरच्या गाड्यांत ड्रम वेगळा निघतो. तरीही अडकला तर ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो, शू त्यामागे अडकतात. दात्यांची चाकं उलटी फिरवून शू आत घ्या, मग निघेल. हातोडीनं ड्रमची कड ठोकू नका, टवका उडतो.

थंड असताना लगेच सुरू होते. गरम झाली की चावी फिरवल्यावर नुसतं "टक्" होतं.

स्टार्टर बदलण्याची घाई करू नका. चावीपासून मागच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला करंट जोडून देणाऱ्या विजेच्या चुंबकापर्यंत) वायर गाडीच्या लांबीएवढी जाते, ती पन्नास वर्षांची आहे, आणि वाटेत जोड आहेत. सोलेनॉइड तापला की त्याच्या तारेचा विरोध वाढतो, आणि नेमका तेव्हाच पुरेसा करंट पोहोचत नाही. आधी गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं चकचकीत घासा, परत लावा. त्यानं भागलं नाही तर सोलेनॉइडजवळ एक साधा रिले बसवा, बॅटरीचा करंट थेट मिळतो. स्टार्टर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही.

ठिणगी की पेट्रोल, एवढंच आधी ठरवा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्यूटर कॅपमधून काढून, इन्सुलेशन असलेल्या पकडीनं इंजिनाच्या धातूपासून अर्धा सेंटिमीटर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी हवी. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. ठिणगी पिवळी, मरगळलेली असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर. कंडेन्सर गरम झाल्यावर जातो आणि गार झाल्यावर परत येतो, म्हणून घरी सगळं ठीक आणि रस्त्यात बंद, ही तक्रार त्याचीच असते.

ठिणगी असेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि थ्रॉटल हातानं हलवा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. चावी चालू केल्यावर कार्बोरेटरच्या बाजूच्या छोट्या सोलेनॉइडचा टिचकीसारखा आवाज येतो का तेही ऐका. तो मेला असेल तर गाडी एक्सिलरेटर दाबून धरला की चालते आणि सोडला की बंद पडते.

गाडी मिसिंग करते, झटके देते. कार्बोरेटर उघडू का?

शेवटी. लोक पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतात, कारण तो समोर दिसतो. क्रम असा ठेवा: टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट), मग पॉइंट, मग टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), सगळ्यांत शेवटी कार्बोरेटर. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर टेकलेली आहे. पॉइंटची फट बदलली की टाइमिंग सरकतं, म्हणून टाइमिंग आधी करून उपयोग नाही.

पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ४४ ते ५० अंश. प्लगची फट ०.६ ते ०.७. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-३-२. व्हॅक्यूम नसलेला, फक्त वजनांवर चालणारा डिस्ट्रिब्यूटर असेल तर मिनिटाला ३००० ते ३५०० फेऱ्यांवर टाइमिंग २८ ते ३० अंश ठेवा. मूळचा व्हॅक्यूमवाला असेल तर मॅन्युअलमधला त्याच्या नंबरचा आकडा बघा.

एवढं करूनही आयडलिंग वरखाली होत असेल तर मॅनिफोल्डच्या दोन्ही बाजूंचे रबरी जोड बोटांनी दाबून बघा. तडा गेला असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आतून तापतं. किरकोळ मोलाचं रबर, पण ते दुर्लक्षित राहिलं की व्हॉल्व्ह जळतो.

टॅपेट खरंच दर ५,००० किलोमीटरला बघायला हवेत का?

हो, आणि नुसते सेट करण्यासाठी नाही. या इंजिनाची नाडी तिथे लागते.

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. मागची पुली खुणेवर आणा, डिस्ट्रिब्यूटरचा रोटर कडेवरच्या खाचेसमोर असला म्हणजे एक नंबरचा सिलिंडर वर आहे. उजव्या बाजूला पुढचा १, मागचा २; डावीकडे पुढचा ३, मागचा ४. "पुढचा" म्हणजे गाडीच्या तोंडाकडचा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींची फट ०.१५ मिलिमीटर. फिलर गेजचं पान लोण्यातून सुरी ओढल्यासारखं, किंचित धरत निघालं पाहिजे. एक नंबर झाला की पुली घड्याळाच्या उलट अर्धी फेरी, दोन नंबर. अशा क्रमानं ३ आणि ४. कव्हरचं पॅकिंग दर वेळी नवं लावा.

आता महत्त्वाचं. सेट करण्याआधी सापडलेली फट वहीत लिहून ठेवा, आठही व्हॉल्व्हची. फट वाढली तर झीज आहे, घाबरण्याचं कारण नाही. फट कमी होत गेली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चालला आहे किंवा त्याची दांडी ताणली जात आहे. तीन नंबरला हे जास्त घडतं, कारण १९७० पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो आणि त्या बाजूला गरम हवा पोहोचते.

माझ्या वहीत एका वसंतात तीन नंबरच्या एक्झॉस्टसमोर ०.१० लिहिलं गेलं. सेट केला. आठशे किलोमीटरनंतर पुन्हा बघितला तर ०.०५. आवाज उत्तम, पिकअप उत्तम, कुणाला काही कळलं नसतं. हेड उतरवलं. व्हॉल्व्हची दांडी डोक्याजवळ बारीक झाली होती, मेणबत्ती उन्हात धरल्यावर कंबरेत बारीक होते तशी. ती तुटून पिस्टनवर पडली असती तर इंजिन भंगारात गेलं असतं. आवाज करणारे टॅपेट मला चालतात. अचानक शांत झालेला टॅपेट दिसला की मी त्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही.

इंजिन गरम होतं. रेडिएटरच नाही, मग तपासायचं काय?

हवा. पंखा थंड हवा वरून ढकलतो, ती सिलिंडरांवरून खाली जाते आणि गाडीखालून बाहेर पडते. वरची थंड आणि खालची गरम हवा यांच्यामध्ये इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी एवढीच भिंत असते. पट्टी फाटली, प्लगच्या वायरवरचे रबरी गोल पत्र्याच्या भोकांत बसत नसले, कुणीतरी इंजिन बसवताना एखादा पत्रा "नसला तरी चालतो" म्हणून टाकून दिला, की गरम हवा पुन्हा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. मी पाहिलेल्या तापणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत हाच दोष होता. त्याशिवाय पंख्याच्या तोंडात अडकलेलं फडकं, कूलरच्या फटींत साठलेला तेलकट कचरा, हिवाळ्यात उंदरांनी केलेलं घरटं, हेही बघा.

मागचं झाकण काठी लावून उघडं ठेवून चालवणारे दिसतात. इंजिनाला हवा बाजूच्या जाळ्यांतून मिळते, झाकण उघडून फायदा होत नाही. टाइमिंग पुढे गेलेलं, मिश्रण पातळ झालेलं, आणि भरल्या गाडीनं चौथ्या गिअरमध्ये रेटत चढलेला चढ, ही उरलेली कारणं. चढाला इंजिन गुरगुरायला लागण्याआधी तिसरा टाका. जास्त फेऱ्या म्हणजे पंखाही जास्त फिरतो.

ही गाडी उष्णतेला लेचीपेची नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत कितीतरी कोम्बी गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. पत्रे आणि रबर जागेवर असेल तर ती वाळवंटही पार करते.

चालता चालता चार्जिंगचा लाल दिवा लागला. घरापर्यंत नेऊ का?

नाही. ताबडतोब कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. जो पट्टा बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो फिरवतो, त्या डायनॅमोच्याच दुसऱ्या टोकाला इंजिनाचा पंखा आहे. पट्टा तुटला असेल तर थंडावा शून्य झाला आहे. पट्टा शाबूत असेल तर दोष फक्त चार्जिंगचा, मग दिवसाउजेडी सावकाश नेता येते. पट्टा मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या वायसरांनी बदलतो: मधला वायसर काढून बाहेर लावला की पट्टा घट्ट होतो. काढलेले वायसर फेकू नका, सगळे पुलीवरच राहायला हवेत.

ऑइलचा दिवा गरम असताना सिग्नलला लुकलुकतो.

आयडलिंगला क्षणभर लुकलुकून एक्सिलरेटर दिल्यावर विझत असेल तर आधी ऑइलची पातळी आणि जात बघा. पेट्रोल ऑइलमध्ये मिसळलं की ते पातळ होतं. डिपस्टिकचा वास घेतला की कळतं. तसं असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे किंवा कार्बोरेटरची सुई गळते आहे. पळत्या गाडीत दिवा लागला तर जिथे असाल तिथे थांबा.

इंजिनात ऑइल फक्त अडीच लिटर मावतं आणि तेच अर्धी थंडाव्याची जबाबदारी उचलतं. फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. म्हणून दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदला आणि जाळी काढून धुवा. जाळीचे सहा छोटे नट अलगद आवळा, त्यांचे आटे लगेच जातात.

गाडीत पेट्रोलचा वास येतो. जुन्या गाड्यांना येतोच ना?

नाही. वास आला की गाडी चालवायची नाही. हे एवढ्या ठामपणे सांगतो कारण कोम्बी जळतात, आणि बहुतेक वेळा कारण असतं एक तडकलेला पाइप. इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. ते पेटलं की पाण्यानं आग भडकते.

जुना कापडी वेष्टणाचा पाइप हातानं वाकवून बघा. वाकवताना बारीक भेगा उघडल्या, किंवा बोटाला काळं लागलं, तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप बदला. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं झपाट्यानं खराब होतं. नव्या पाइपवर आर९ असं छापलेलं बघूनच घ्या. प्रत्येक जोडाला क्लिप लावा. पेट्रोल फिल्टर डिस्ट्रिब्यूटरच्या डोक्यावर लोंबकळत असेल तर तो तिथून हलवा, पंपाच्या आधी, इंजिनाच्या खोलीबाहेर न्या. कार्बोरेटरला पेट्रोल आणणारी पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते, ती पकडीनं हलक्या हातानं हलवून बघा. हलली तर आजच दुरुस्त करा.

आग विझवण्याचं नळकांडं ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं ठेवा, मागच्या सामानाखाली नको.

हीटर लावला की डोकं दुखतं.

हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नका. या गाडीत गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून येते. पेटीत आतून भोक पडलं तर एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेलकट वास येत असेल तर वरून गळणारं ऑइल पेटीवर जळतं आहे, बहुधा पुशरॉडच्या नळ्यांचे सील गेले आहेत. गाडीत झोपत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

थंड, दमट सकाळी दहा मिनिटांनी गाडी दम सोडते, थांबून पुन्हा सुरू केली की ठीक चालते.

कार्बोरेटरखाली बर्फ धरतो. मॅनिफोल्डखाली एक्झॉस्टची ऊब आणणारी बारीक नळी काजळीनं बुजलेली असते. गाडी गरम झाल्यावर तिला हात लावून बघा, थंड लागली तर साफ करून घ्या.

लांब निघताना गाडीत काय ठेवू?

मी ठेवतो ते सांगतो. पंख्याचा पट्टा आणि त्याचा पाना, पॉइंट आणि कंडेन्सरचा जोड, रोटर, फिलर गेज, एक लिटर ऑइल, मीटरभर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, टॉर्च, आणि एक्सिलरेटरची केबल. ती केबल पेडलपासून थेट मागच्या कार्बोरेटरपर्यंत जाते आणि तुटते ती सहसा मागच्या टोकाशी. तुटली आणि बदलायला जागा नसेल तर कार्बोरेटरचा आयडलिंगचा स्क्रू आत फिरवून फेऱ्या वाढवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये कडेकडेनं जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत या. वेल्समध्ये मी असाच सहा किलोमीटर आलो होतो. गाडी उभी केल्यावर स्क्रू किती फेऱ्या फिरवला ते लिहून ठेवा, परत तेवढाच बाहेर घ्यावा लागतो.